शाळेचं बाल संरक्षण धोरण: पोलिसांना कोणी आणि कधी कळवायचं?

बार्देशची_बाई
गोव्यातल्या आमच्या शाळेसाठी धोरणाचा मसुदा करतेय. हाती आलेल्या नमुन्यात असं आहे: शिक्षकाने मुख्याध्यापकांना सांगावं, तिघांच्या समितीने शहानिशा करावी, तथ्य आढळल्यास २४ तासांत पोलिसांना कळवावं. पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) हे चालेल का? पालक 'नको' म्हणाले तर?

फोंडा_वकील
नाही चालणार. समितीचं वाक्य आधी खोडा.

पोक्सो २०१२चं कलम १९(१) 'कोणतीही व्यक्ती' म्हणतं. मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी धास्ती वाटली, की विशेष बाल पोलीस पथकाला किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला कळवायचं. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणून बाई मोकळ्या होत नाहीत. पुरावा गोळा करणं शाळेचं काम नाही. सद्हेतूने दिलेल्या माहितीला १९(७)चं संरक्षण आहे. कळवलं नाही तर कलम २१: सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संशयित शाळेचाच कर्मचारी आणि संस्थाप्रमुख गप्प राहिले, तर त्यांना एक वर्षापर्यंत कैद आणि दंड.

ते २४ तास शाळेचे नाहीतच! १९(६)मध्ये ते पोलिसांना दिलेत, जिल्ह्याच्या सरकारी बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवण्यासाठी. ही चूक एका नमुन्यातून दुसऱ्यात उतरत जाते. तुमच्या मसुद्यात 'त्याच दिवशी, सुट्टी असली तरी' असं लिहा.

कळवायला पालकांची परवानगी लागत नाही. वैद्यकीय तपासणीला संमती लागते, तो वेगळा टप्पा.

समुपदेशक_तिसवाडी
वकिलांनी कायदा सांगितला, पण केस बिघडते ती बहुतेक वेळा पहिल्या तासातच. मूल वर्गशिक्षिकेला सांगतं, त्या मुख्याध्यापकांकडे नेतात, मग पर्यवेक्षक, मग व्यवस्थापक. चौथ्यांदा सांगताना मुलाचे शब्द बदलतात आणि उलटतपासणीत 'पढवलंय' म्हणायला वाव मिळतो. धोरणात स्पष्ट लिहा: ज्याला सांगितलं त्यानेच ऐकायचं, 'मग काय झालं?' याहून जास्त विचारायचं नाही. 'सरांनीच केलं ना?' तर कधीच नाही. 'कोणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नये.

मूल गेल्यावर लगेच टिपण: तारीख, वेळ, जागा, मुलाचे शब्द जसेच्या तसे. कोकणीत बोललं तर कोकणीतच. 'ताणें म्हाका हात लायलो' याचं 'विनयभंग केला' केलंत, की मुलाचं म्हणणं गेलं आणि तुमचं मत उरलं. अवयवाला मूल जो शब्द वापरतं तोच ठेवा. खाली सही. स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव, वर्ग काहीही नको.

मुलाला पोलीस स्टेशनला नेऊ नका. कलम २४प्रमाणे जबाब घरी किंवा मुलाच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, साध्या कपड्यांत घ्यायचा असतो.

म्हापशेकर
पोलीस स्टेशनमधून रिकाम्या हाताने परतू नका. १९(२)नुसार माहितीला नोंद क्रमांक देऊन ती लेखी घ्यावी लागते आणि वाचून दाखवावी लागते. तो क्रमांक शाळेच्या नोंदवहीत उतरवा. 'हद्द आमची नाही' म्हणाले तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७३ दाखवा, हद्दीबाहेरचीही तक्रार नोंदवावी लागते. नोंद न करणारा पोलीसही कलम २१च्या कचाट्यात येतो. रात्री-अपरात्री ११२ (आपत्कालीन मदत) किंवा १०९८ (चाइल्ड हेल्पलाइन).

बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा कुठल्याही हॉस्पिटलात उपचाराआधी पोलिसांचा कागद मागता येत नाही. २०२०च्या पोक्सो नियमांतला ६वा नियम.

बार्देशची_बाई
देव बरें करूं. आणि नुसती मारहाण किंवा छळ असेल तर?

फोंडा_वकील
तिथे कलम १९ लागू नाही, पण गोवा बाल कायदा २००३ लागतो. त्यात 'बाल अत्याचार' या शब्दात शारीरिक, मानसिक छळही येतो. शाळेतल्या माराला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ची बंदीही आहेच. पोलिसांबरोबर उत्तर किंवा दक्षिण गोवा बाल कल्याण समितीलाही लेखी कळवा. मसुद्यात दोन वेगळे परिच्छेद करा. एकत्र केलेत, की छडीची तक्रार आणि पोक्सोची तक्रार दोन्ही त्याच तिघांच्या समितीपुढे जाऊन पडतात.