नौदलातल्या डॉक्टरकाकांबद्दल काय लिहू?

प्रश्न: काका जाऊन महिना झाला. पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) शिकले, सर्जन कमांडर म्हणून निवृत्त झाले. वर्षश्राद्धाला पुस्तिका काढायची आहे. ९ डिसेंबर १९७१ ला, युद्धात, नौदलाची 'खुकरी' ही युद्धनौका दीवजवळ बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तेव्हा काका कुलाब्याच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात होते. त्याबद्दल ते कधीच बोलले नाहीत. काय लिहू?

उत्तर १: बोलले नाहीत, तेच लिहा. त्यांच्या तोंडी काही घालू नका, हात जोडून सांगते.

उत्तर २: निवृत्तीनंतर काय करायचे?

प्रश्नकर्ती: गुहागरला घराच्या ओटीवर रोज सकाळी पेशंट बघायचे. फी घेत नसत. ९ डिसेंबरला मात्र ओटी बंद, काका एकटेच समुद्रावर. आम्ही मुलं मागे गेलो तर परत पाठवायचे. तिथूनच सुरू करते.