रंग वेगळा, कण वेगळे

एकांनी लिहिलंय की वेरूळचा दगड, म्हणजे बेसॉल्ट, पटकन थंड झाला म्हणून काळा आणि देगलूरकडचा ग्रॅनाइट सावकाश थंड झाला म्हणून गुलाबी. यातलं अर्धंच बरोबर आहे. थंड होण्याच्या वेगावर ठरतो तो कणांचा आकार. रंग ठरतो तो मुख्यतः शिलारसात, म्हणजे वितळलेल्या खडकात, काय होतं त्यावरून.

बेसॉल्टमध्ये सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग) साधारण ४५ ते ५२ टक्के असते, लोह-मॅग्नेशियमची खनिजं भरपूर, म्हणून काळा. ग्रॅनाइटमध्ये सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास. गुलाबी छटा फेल्डस्पार या खनिजाची. आता बेसॉल्टचाच रस जमिनीखाली खोलवर हळूहळू थिजला तर गॅब्रो होतो: कण मोठे, पण रंग काळपटच. उलट ग्रॅनाइटचा रस लाव्हा म्हणून बाहेर पडला तर रायोलाइट, बारीक कणांचा आणि फिकट. वर्गीकरण करताना कणांचा आकार आणि रसातले घटक, दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. नुसत्या रंगावरून नाव देणं ही दगड विकणाऱ्यांची सवय. त्यांच्याकडं 'ब्लॅक ग्रॅनाइट'ही मिळतो!

आणि बेसॉल्ट नि ग्रॅनाइट शेजारी असले तरी समवयस्क नाहीत. आपला बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, खालचा ग्रॅनाइट अब्जावधी वर्षं जुना. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं, तेव्हा ३३८ मीटर बेसॉल्ट संपल्यावर गाळाचा पातळ थर आणि त्याखाली हाच जुना पाया लागला. देगलूर-बिलोलीकडं वरचं काळं पांघरूण संपतं, म्हणून तो उघडा दिसतो.