वर्षावासात आईला वाचायला त्रिपिटकातलं काय घेऊ? (बजेट ८००)

निळीछत्री: आषाढ पौर्णिमेपासून, वर्षावासाचे तीन महिने, आईला रोज संध्याकाळी थोडं वाचायचंय. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' दरवर्षी ऐकते, आता म्हणते मूळ त्रिपिटकातलं (बुद्धवचनांचा पाली ग्रंथसंग्रह) हवं. मराठीत, अक्षर मोठं. घरी मिलिंदप्रश्न आहे (मिलिंद म्हणजे मिनँडर राजा आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद), तो त्रिपिटकात धरतात का?

पालीप्रेमी: इगतपुरीच्या विपश्यना संस्थेचा देवनागरीतला पाली संच घ्या, १४० खंड. माझ्याकडे पूर्ण आहे, दोन कपाटं भरलीत, रोज नमस्कार करून एक खंड काढतो.

निळीछत्री: दादा, आईला पाली येत नाही. आणि ८०० च आहेत.

कामठीरोड: १४० खंड म्हणजे सगळं त्रिपिटक नाही हो, त्यात अट्ठकथा (पिटकावरची जुनी भाष्यं) आणि टीका (त्या भाष्यांवरची भाष्यं) हेही आलं. मी फसलोय म्हणून सांगतो, दुकानदाराने जातककथांचं जाडजूड पुस्तक 'हे अस्सल त्रिपिटक' म्हणून दिलं, नंतर पालीच्या वर्गात कळलं की ५४७ जातकांच्या फक्त गाथा पिटकात, गोष्टी अट्ठकथेतल्या. फार वाईट वाटलं.

सावलीतला: मिलिंदप्रश्न नाही धरत. मिनँडर राजा बुद्धांनंतर काही शतकांनी झाला, मग ते बुद्धवचन कसं?

मेत्ता_पुणे: असं सरसकट नाही. ब्रह्मदेशात त्रिपिटकाच्या खुद्दक निकाय या भागात धरतात, १९५४ ते ५६ च्या रंगूनच्या सहाव्या संगीतीच्या (ग्रंथ तपासायला भरलेली भिक्खूंची सभा) छापील आवृत्तीतही आहे. श्रीलंका, थायलंडमध्ये नाही. आणि नंतरचं म्हणून काढायचं तर कथावत्थूचं काय? परंपरेनुसार ते अशोकाच्या काळात मोग्गलिपुत्त तिस्सांनी पाटलिपुत्रात सांगितलं, तरी त्रिपिटकातल्या अभिधम्माच्या सात ग्रंथांत आहे.

सावलीतला: कथावत्थूची मातिका, म्हणजे विषयांची रूपरेषा, बुद्धांनीच घालून दिली असं अट्ठकथा सांगते, ते वेगळं.

शांतचित्त: हृदयसूत्र घ्या, छोटं आहे, मी रोज म्हणतो.

मेत्ता_पुणे: छान आहे पण पाली त्रिपिटकात नाही, महायान सूत्र आहे, चिनी आणि तिबेटी संग्रहांत मिळेल. ताई, त्रिपिटकातलंच धम्मपद घ्या. ४२३ गाथा, रोज पाच केल्या तर ८५ दिवस, वर्षावासात बसतात. मग धर्मानंद कोसंबींनी मराठीत आणलेलं सुत्तनिपात, तेही त्रिपिटकातलंच.

कामठीरोड: मीपण तेच म्हणणार होतो, धम्मपदच. जातक नको.

पालीप्रेमी: एकदा संच घेतला की पुन्हा घ्यावं लागत नाही, विचार करा.

निळीछत्री: सगळ्यांचे आभार. आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली घरचा मिलिंदप्रश्नच वाचते, कोण कुठे धरतं ते भिक्खू ठरवतील. काल रथाचा दाखला आला, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, तिथे पुस्तक मिटून बराच वेळ बसली. धम्मपद पुढच्या वर्षी. मोठ्या अक्षराचं कुठे मिळालं तर कळवा.

कामठीरोड: मलाही कळवा, वडिलांसाठी हवंय.