घराला घरपण पुस्तकं आणि सुईदोऱ्यानं येतं, असं मला वाटतं. तुम्हाला?

कृष्णाकाठची (सांगली)

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी माळ्याच्या खाली दोन वितींपर्यंत आलं होतं. परत आलो तेव्हा गाद्या चिखल झालेल्या, प्लायवूडचं कपाट फुगून फाटलेलं. माळ्यावर दोन गोष्टी कोरड्या राहिल्या. आईची लुगडी असलेली ट्रंक आणि 'रुचिरा' हे पाककृतींचं पुस्तक.

सगळे म्हणाले, हप्त्यावर फर्निचर घे, घर पुन्हा उभं राहील. घेतलंही थोडं. पण घरात पाऊल टाकलं की लॉजवर आल्यासारखं वाटायचं. मग तासगावच्या मावशीनं तिची कात्रणांची वही पाठवली. मासिकांतून कापलेले विणकामाचे नमुने आणि प्रत्येकाशेजारी टाचणीनं टोचलेला लोकरीचा तुकडा. ती वही पुढ्यात ठेवून मी विणायला शिकले, आणि ट्रंकेतल्या लुगड्यांची वाकळ, म्हणजे गोधडी, शिवली. ती पलंगावर अंथरली त्या दिवशी माझ्या मुलानं पहिल्यांदा शाळेतून येऊन दप्तर फेकलं आणि आडवा झाला. तोवर तो पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसायचा.

'रुचिरा'चं नाव मुद्दाम घेतलं. ते लिहिणाऱ्या कमलाबाई ओगले मूळच्या कुंडलच्या, लग्नानंतर सांगलीत आल्या, शाळा चौथीपर्यंत. १९७० साली आलेल्या त्या पुस्तकात मापं वाटी-चमच्यानं दिली आहेत. म्हणजे घरात जे भांडं आहे त्यानंच सुरुवात करा. घर सजवण्याचंही असंच असावं, असं माझं ठाम मत आहे. 'स्त्री' मासिक १९३० साली इथल्याच किर्लोस्करवाडीतून निघालं. वाचून घर बदलायची सवय आपल्या भागाला नवी नाही.

विकतच्या सजावटीनं घर भरतं. आपलंसं होत नाही.

माणदेशी

ताई, तुमचं घर सावरलं याचा मनापासून आनंद आहे. पण शेवटची ओळ मला पटत नाही, आणि का ते सविस्तर लिहितो.

माझी आई दुसऱ्यांच्या वाकळा शिवायची. मजुरीवर. उन्हाळ्यात दुपारभर पडवीत वाकून बसून धावदोरा. बोटाला चिंधी गुंडाळलेली, कारण जाड सुई लुगड्याच्या चार-पाच थरांतून ढकलताना उलटी बोटात शिरते. आज तिची पाठ सरळ होत नाही. तिच्यासाठी वाकळ म्हणजे शाळेची फी होती. तिनं शिवलेली वाकळ ज्या घरात गेली ते घर विकतच्या वस्तूनंच उबदार झालं ना? मग ते 'आपलंसं' नव्हतं?

दुसरं. आमच्याकडं म्हसवडला घोंगडी विणतात. दख्खनी मेंढीची लोकर कातायची, खड्ड्याच्या मागावर पट्टी विणायची, चिंचोक्याची खळ द्यायची. हे काम कुणी पुस्तक वाचून आठवड्यात शिकत नाही. 'स्वतः करा, विकत घेऊ नका' हे ज्याच्या पोटाला चिमटा बसत नाही त्यानं म्हणावं. विणकराला गिऱ्हाईक हवंय. त्याच्या कामाचं कौतुक करणारी आणि स्वतःच विणायला बसणारी माणसं त्याच्या काय कामाची?

शाहूपुरीतली

मी सातारा एमआयडीसीत काम करते. पाच वाजता उठून दोन डबे, सहा चाळीसला बस. संध्याकाळी आले की कुकर. या दिवसात 'वाचा आणि विणा' कुठं बसवायचं ते कुणीतरी सांगा.

मला वाचायला आवडतं म्हणून जास्त टोचतं हे. पुस्तक हातात घेतलं की घरातल्या प्रत्येकाला त्याच मिनिटाला काहीतरी सापडेनासं होतं. आणि अशा लेखनातून माझ्यासारखीला एकच ऐकू येतं, की घर थंड वाटत असेल तर बाईचे हात कमी पडले.

गेल्या वर्षी मैत्रिणीबरोबर भिलारला गेले होते. पाचगणीजवळचं, २०१७ पासून पुस्तकांचं गाव असलेलं. लोकांनी आपल्या घरातल्या खोल्या पुस्तकांसाठी दिल्या आहेत. कुणाच्यातरी ओसरीवर मी तीन तास वाचत बसले. मला कुणी हाक मारली नाही. त्या घरात तोरण होतं की नव्हतं, आठवतसुद्धा नाही. मला जी ऊब मिळाली ती त्या न मारलेल्या हाकेची होती.

मिरज_जंक्शन

ऊब, ऊब काय चाललंय? एप्रिलमध्ये आमच्याकडं पारा चाळिशीला जातो. आपल्या भागात सुखाचं घर म्हणजे गार घर. माठाला ओलं फडकं, खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर दुपारी पाण्याचा शिपका. परदेशी थंडीतली पुस्तकं वाचून मेणबत्त्या आणि लोकरीची पांघरुणं आणणाऱ्यांनी आधी आजीला विचारावं. आणि वाकळ पावसाळ्यात धुतली तर आठ दिवस वाळत नाही, कुबट वास येतो. हेही लिहा.

निवृत्त_वाहक (कऱ्हाड)

शाहूपुरीच्या ताईंना उत्तर द्यावंसं वाटलं. मी पुरुष आहे, वय ६४.

बायकोच्या मनगटाचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या हातातलं क्रोशाचं काम अर्धं राहिलं होतं. ती रोज त्याच्याकडं बघायची. मी म्हटलं, शिकव. पहिले पंधरा दिवस नुसती साखळी. ती घातली की वाकडी, उसवली की पुन्हा. पण ती चुका दाखवायला शेजारी बसायची आणि आमचं बोलणं व्हायचं. चाळीस वर्षांत मी ड्यूटीवर आणि ती घरात, इतकं सलग कधी बोललो नव्हतो.

आता संध्याकाळी एकजण वाचतो आणि दुसरा हातानं काहीतरी करतो. यात नवं काही नाही. श्रावणात आमच्या आईकडं पोथी लागायची. एक बाई वाचायची, बाकीच्या ऐकता ऐकता वाती वळायच्या. वाचन आणि हातकाम आपल्याकडं एकाच जाजमावर बसलेलं होतं. बिघडलं ते इथं, की हातकाम फक्त बायकांकडं राहिलं. ताई, तुमच्या घरातल्यांना बटण लावण्यापासून सुरुवात करायला लावा. तुम्ही पुस्तक मोठ्यानं वाचा. कुणी हाक मारणार नाही, कारण ऐकत असतील.

शाहूपुरीतली

काका, तुमच्या घरी ते झालं कारण तुम्ही स्वतः 'शिकव' म्हणालात. माझ्या घरी ते मलाच घडवून आणायचं, म्हणजे पुन्हा माझ्याच यादीत एक काम वाढलं. तरी मोठ्यानं वाचायचं डोक्यात राहिलंय. मुलीवर करून बघते.

कृष्णाकाठची (सांगली)

माणदेशी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'विकतच्या' हा शब्द मी चुकीचा वापरला. माझ्या डोळ्यांसमोर हप्त्यावरचं कपाट होतं, तुमच्या आई नव्हत्या. माझ्या आजीची लग्नातली वाकळसुद्धा मजुरी देऊनच शिवलेली होती, हे काल आईला विचारल्यावर कळलं.

पण एका गोष्टीवर मी अडून आहे. चुकत-माकत एक वाकळ शिवली तेव्हाच मला कळलं की त्या कामाला किती दिवस जातात. त्याआधी कुणी मजुरी सांगितली असती तर मी घासाघीस केली असती. आता करणार नाही. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेला जाणार आहे, तिथं घोंगडं घेईन आणि सांगतील ती किंमत देईन.

मिरजकर, वासाचं खरं आहे. मी आता वाकळ मे महिन्यातच धुते.

एक अडचण आहे. माझ्या वाकळीचा मधला भाग फुगलाय, चुण्या पडल्यात. कुठं चुकलं?

माणदेशी

आईला फोनवर वाचून दाखवलं. ती विचारतेय, मधून सुरुवात केली होती का? कडेपासून धरायचं, चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचं, आणि दर फेरीला हातानं कापड सपाट निपटून घ्यायचं. आतली लुगडी आधी जमिनीवर अंथरून, पाण्याचा हात फिरवून सपाट करायची.

मधल्या चार फेऱ्या उसवा म्हणतेय. सगळी नको.