मदत हवी आहे: सातव्या चालीलाच माझा राजा पटाच्या मध्यभागी ओढला जातो

अडीचघर (धागाकर्ता):
गेल्या दोन महिन्यांत आमच्या सोसायटीतील एका बारा वर्षांच्या मुलाशी मी बुद्धिबळाचे सात डाव हरलो असून त्यांतील पाच अगदी एकाच पद्धतीने गेले. तो घोड्याने एफ७ या घरावरचे (अक्षर म्हणजे उभी रांग, अंक म्हणजे आडवी) प्यादे मारतो, तो घोडा मला राजाने मारावा लागतो, लगेच वजिराचा शह बसतो आणि घोडा जास्त असूनही माझा राजा उघड्यावर पडतो. येत्या रविवारी स्पर्धा आहे आणि पहिल्याच फेरीत त्याच्याशी गाठ आहे. कृपया ‘सराव वाढवा’ असे सांगू नये. नेमकी चाल सांगावी.

तिरका उंट:
एफ७ वर मार बसतो, त्या अर्थी आपण काळी मोहरी घेऊन खेळता, एवढा अंदाज बांधता येतो. परंतु आधीच्या चाली न देता नेमकी चाल मागणे म्हणजे नाडी न दाखवता औषध मागण्यासारखे आहे. तिसऱ्या चालीला आपण उंट काढता की घोडा?

वजीरवाडा:
पांढऱ्याने प्यादे ई४ वर आणले की ई५ वर प्यादे आणून उत्तर देणेच बंद करावे. सी६ खेळावे, म्हणजे कारो-कान बचाव. सोव्हिएत खेळाडू बोटविनिक यांनी १९५८ मध्ये स्मिस्लोव्ह यांच्याकडून जगज्जेतेपद परत मिळवले, त्या लढतीत याच बचावाचा आधार घेतला होता. मी स्वतः बारा वर्षे दुसरे काही खेळलेलो नाही आणि माझा राजा कधी ई६ वर, म्हणजे पटाच्या मध्यभागी, गेलेला नाही.

तिरका उंट:
रविवारला चार दिवस उरले आहेत. चार दिवसांत नवा बचाव शिकून गेलेला माणूस सातव्याऐवजी बाराव्या चालीला हरतो, इतकाच फरक पडतो. धागाकर्त्यांनी आधी चाली लिहाव्यात.

अडीचघर:
त्या सर्वांना ठाऊकच असतील असे वाटले होते. (प्रत्येक आकड्यापुढे आधी पांढऱ्याची, मग माझी चाल; नुसते घर म्हणजे प्याद्याची चाल, × म्हणजे मारणे.) १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६ ४. घोडा जी५ डी५ ५. ई×डी५ घोडा×डी५ ६. घोडा×एफ७. आम्ही घड्याळ लावत नाही.

तिरका उंट:
आता बोलता येईल. सहाव्या चालीला आपण अडचणीत येता हे खरे, पण चूक पाचव्या चालीची आहे: डी५ वरचे प्यादे घोड्याने मारू नये. ६. घोडा×एफ७ राजा×एफ७ ७. वजीर एफ३ शह, यानंतर डी५ वरचा घोडा वाचवायचा तर राजाला ई६ वर यावेच लागते. जी८ वर गेल्यास सी४ चा उंट डी५ वर मारतो आणि थोड्याच चालींत मात होते. राजा ई६ वर आला की तोच घोडा उंट आणि राजा यांच्यामध्ये जखडला जातो, आणि ८. घोडा सी३ या चालीने त्याच्यावर तिसरा मारा येतो. हा हल्ला सुमारे चारशे वर्षांपूर्वीच्या इटलीतला असून इंग्रजीत त्याला ‘फ्राइड लिव्हर’ म्हणतात. तळलेल्या कलेजीचे नाव बुद्धिबळाला कोणी द्यावे, हा वेगळा प्रश्न आहे.

पाचव्या चालीला घोडा ए५ खेळावे. पुढे ६. उंट बी५ शह सी६ ७. डी×सी६ बी×सी६ ८. उंट ई२ एच६ असे साधारण चालते. आपले एक प्यादे कमी असते, पण पांढऱ्याचा उंट आणि घोडा दोघांनाही मागे सरावे लागते आणि तेवढ्या वेळात आपली मोहरी बाहेर येतात.

प्यादेमात:
एवढे पाठ करण्याची गरजच नाही. चौथ्या चालीला डी५ ऐवजी उंट सी५ खेळावे, म्हणजे ट्रॅक्सलरचा प्रतिहल्ला. त्याने एफ७ वर घोडा घातला की आपण एफ२ वर उंट मारून शह द्यावा. मुलगा गोंधळून जाईल.

तिरका उंट:
आणि त्याने घोड्याऐवजी उंटाने एफ७ मारून शह दिला, तर? आपला राजा ई७ वर जातो, प्यादे गेलेले असते आणि हल्लाही उरत नाही. ज्याला पाच वेळा एकच मार बसला आहे, त्याच्या हाती हे दुधारी शस्त्र देऊ नये.

प्यादेमात:
प्यादे गेले तरी एफ रांग हत्तीसाठी मोकळी होते. शिवाय मुले उंटाने मारत नाहीत, घोड्यानेच मारतात.

जुना पट:
आमच्या देशी खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकत असे, त्यामुळे असले हल्ले इतक्या लवकर येत नसत. त्याच पद्धतीत वाढलेल्या मीर सुलतान खान यांनी १९२९ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले, ते ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची, पुस्तके न घोकता.

गृहिणी_आणि_घोडा:
सर्वांत सोपा उपाय कोणी सांगितलाच नाही. तिसऱ्या चालीला घोड्याऐवजी उंट सी५ वर काढावा. मग डी८ ते जी५ हा तिरका मार्ग मोकळा राहतो आणि त्याने घोडा जी५ वर आणलाच, तर आपला वजीर तो फुकट मारतो. मी माझ्या मुलीला हेच शिकवले आहे.

तिरका उंट:
हे मात्र मान्य. चार दिवसांसाठी याहून चांगला उपाय मलाही सुचत नाही.

अडीचघर:
काल रात्री सरावाचा डाव झाला. हट्टाने घोडा ए५ खेळलो, आठव्या चालीपर्यंत सारे आपण लिहिल्याप्रमाणे झाले. नंतर मात्र त्याने घोडा एफ३ वर न नेता एच३ वर, पटाच्या कडेला नेला. मला ती चूक वाटली, म्हणून मी घाईने सी८ च्या उंटाने तो मारला आणि पुढे हळूहळू हरलो.

तिरका उंट:
ती चूक नव्हे. ती पहिला जगज्जेता स्टाइनिट्झ याची चाल आहे. १८९०-९१ मध्ये तारेवरून खेळलेल्या लढतीत रशियाच्या चिगोरिनविरुद्ध ती खेळून स्टाइनिट्झ हरला, पण १९६३ मध्ये अमेरिकेच्या बॉबी फिशरने तीच चाल पुन्हा पटावर आणून बिसगायर या खेळाडूविरुद्ध डाव जिंकला. आपण घोडा मारल्याने त्याची प्यादी मोडतात, पण त्याला उंटांची जोडी मिळते आणि आपली लढाऊ मोहरी कमी होतात. घाई न करता उंट सी५ वर काढून कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला कोपऱ्याकडे नेणे) करावे. आणि त्या मुलाला कोण शिकवते, हे जमल्यास विचारून इथे लिहावे.