हा लाँग बे: रात्र बोटीवर काढावी की दिवसात जाऊन यावं?

सांजवारा
नोव्हेंबरात आईबाबांना घेऊन आठ दिवस व्हिएतनामला जातोय. घरात वाद एकच आहे. हनोईहून ‘हा लाँग’ या बेटांनी भरलेल्या समुद्राच्या खाडीत सकाळी जाऊन रात्री परत यायचं, की क्रूझवर मुक्काम करायचा? मी मुक्कामाच्या बाजूचा. २०१९ मध्ये कामानिमित्त हनोईला होतो तेव्हा एका दिवसाची सहल केली होती. येऊनजाऊन पाच तास गाडीत, पाण्यावर जेमतेम चार. सुंग सोट गुहेत माणसांच्या रांगेतून पुढे सरकत राहिलो. उन्हं कलली, चुनखडीच्या कड्यांचा रंग बदलायला लागला आणि नेमकी तेव्हाच आमची बोट धक्क्याकडे वळली. सोळाशेच्या आसपास बेटं, बहुतेकांवर माणसाची वस्ती नाही, आणि त्यांच्यात संध्याकाळ उतरताना आपण पाठ फिरवून निघायचं! ती हळहळ अजून गेलेली नाही. आईबाबांच्या वाट्याला तेच येऊ नये असं वाटतं.

खडपा
मी दोन्ही केलंय आणि मुक्कामाच्या विरोधात आहे. मुक्कामाच्या बोटीला वाटेल तिथे नांगर टाकता येत नाही, ठरवून दिलेल्या जागीच थांबावं लागतं. आमच्या आजूबाजूला वीसेक बोटी होत्या. सगळ्यांचे दिवे, जनरेटर, दोघीतिघींवर कराओके. तुम्ही म्हणता ती संध्याकाळ मला दिसली, पण शांतता मिळाली नाही. शिवाय कार्यक्रम खच्चून भरलेला. दुपारी बाराला चढलो, लगेच जेवण, गुहा, मग तीतोप बेटाच्या चारशेएक पायऱ्या, कयाक, खायचे स्प्रिंग रोल करायला शिकणं, रात्री माकुल पकडणं. सकाळी खोली रिकामी करायची घाई. दोन दिवस म्हणून पैसे घेतात, हातात येतात बावीस तास. त्यापेक्षा निन्ह बिन्हला जा. तिथल्या ट्रांग आनला तसलेच चुनखडीचे डोंगर आहेत, नदी त्यांच्या पोटातून वाहते, आणि होडी वल्ह्यांची. इंजिनाचा आवाज नाही. रात्री जमिनीवर झोपता येतं.

पहाटपक्षी
खडपा, ट्रांग आन सुंदरच आहे, पण तो समुद्र नव्हे. हा लाँगचं वेगळेपण म्हणजे डोंगर आधी जमिनीवर झिजले, सुळके झाले, आणि मग समुद्राचं पाणी चढून त्यांच्यामध्ये शिरलं. आपण बुडालेल्या दऱ्यांवरून जात असतो. हे कळायला भरती-ओहोटी बघावी लागते. कड्याच्या बुंध्याशी लाटांनी कोरलेली खाच ओहोटीला उघडी पडते, भरतीला झाकली जाते. मी पहाटे पाचला डेकवर एकटी होते. धुक्यातून आधी जवळचा सुळका, मग त्यामागचा, मग त्याच्याही मागचा असे एकेक उमटत गेले. दिवसाची बोट हे दाखवूच शकत नाही.
गर्दी नको असेल तर कात बा बेटाला लागून असलेला लान हा बे बघा. २०२३ पासून तोही जागतिक वारशात आहे. आम्ही तिथेच राहिलो. दूरवर तीन बोटींचे दिवे, बाकी अंधार.

नांगर
सौंदर्याचं ठीक, सुरक्षिततेचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. फेब्रुवारी २०११ मध्ये तीतोपजवळ नांगरलेली मुक्कामाची बोट पहाटे बुडाली. लोक झोपेत होते. १२ जण गेले. वादळ नव्हतं, बोटीतच पाणी शिरलं. वयस्कर माणसांना खालच्या केबिनमध्ये झोपवताना हे आठवायला हवं.

पहाटपक्षी
नांगर, ते खरंच आहे. पण जुलै २०२५ मध्ये तीसहून अधिक माणसं गेली ती दिवसाच्या सहलीची बोट होती. भर दुपारी अचानक वादळी वारा आला आणि ती उलटली. धोका रात्रीचा नाही, हवेचा आणि बोटीच्या अवस्थेचा आहे. जून ते सप्टेंबर टाळा, केबिन वरच्या मजल्यावरची मागा, चढल्याबरोबर लाइफ जॅकेट कुठे आहेत ते आईबाबांना हाताने दाखवा.

नांगर
हवेचं मान्य. पण दिवसा माणूस जागा तरी असतो. माझं मत बदललेलं नाही.

वल्हं
मी कोळीवाड्यातला, त्यामुळे माझी हरकत वेगळी आहे. या खाडीत पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर राहणारी मच्छीमार गावं होती, कुआ वान, वुंग व्येंग. २०१४ मध्ये तिथल्या तीनशेहून अधिक कुटुंबांना जमिनीवर हलवलं. मुलांची शाळा, वादळाची भीती, खाडीची स्वच्छता अशी कारणं होती आणि ती खोटी नाहीत. पण ज्यांनी तिथे जन्म काढला त्यांनी रात्री किनाऱ्यावर जायचं आणि आपण पैसे देऊन त्याच पाण्यावर झोपायचं, हे मला बोचतं. वुंग व्येंगला बांबूच्या होडीतून फिरवणाऱ्या बाईचे हात बघितले आणि माझी आत्या आठवली. मी मुक्काम केला नाही, करणारही नाही.

पहाटपक्षी
वल्हं दादा, याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढंच की त्या बाईंची आजची कमाई आपल्यासारख्यांकडूनच येते. आपण गेलो नाही तर त्यांचं घर परत मिळणार नाही.

वल्हं
कमाई होते, ताई. म्हणून जाऊ नका असं म्हणत नाही. त्यांच्या होडीत बसा, वर टिप द्या. झोपायला हनोईला या.

तुळशीकट्टा
शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच ‘आन चाय’ लिहून द्या. नुसतं व्हेज म्हटलं तर भाजीत मासळीचा सॉस येतो. सासूबाई एक रात्र फळांवर राहिल्या.

सांजवारा
सगळ्यांचं बाबांना वाचून दाखवलं. नांगर यांच्या प्रतिसादावर आई गप्प झाली आणि वल्हं यांच्यावर बाबा. ते गोदीत होते तीस वर्षं. शेवटी लान हा, एकच रात्र, वरची केबिन असं ठरवतोय. तीतोपच्या पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपल्या नसत्या, तो प्रश्नही त्यामुळे मिटतो. लान हाच्या बाजूला वल्ह्याच्या होड्या स्थानिक मच्छीमारच चालवतात का, हे कुणाला माहीत असेल तर सांगा. बाबांनी विचारलंय.