भाषांतरण की रूपांतरण? पेशीतल्या प्रथिननिर्मितीचे शब्द

प्रश्न : पेशी प्रथिनं कशी बनवते यावर मराठीत लेख लिहितो आहे. 'ट्रान्सलेशन'साठी पाठ्यपुस्तकांत 'भाषांतरण' आहे, पण रसायनांच्या व्यवहाराला भाषांतर म्हणणं ओढूनताणून वाटतं. 'रूपांतरण' चालेल का? आणि भाषांतर कोण करतं, तर रायबोझोम (पेशीतली प्रथिनं जोडणारी यंत्रणा), असंच लिहायचं ना?

उत्तर : 'रूपांतरण' नको. त्यात मूळ वस्तूच बदलून दुसरी होते, दुधाचं दही झालं की दूध उरत नाही तसं. इथे संदेशवाहक आरएनए, म्हणजे डीएनएतल्या मजकुराची प्रत, जागेवरच राहतो. त्याच्यावरून एकामागून एक अनेक रायबोझोम सरकतात आणि त्याच संदेशावरून प्रथिनाच्या कितीतरी प्रती तयार होतात.

'भाषांतरण' किती नेमका आहे ते त्याच्या आधीच्या 'प्रतिलेखना'शी ताडून बघा. डीएनएवरून आरएनए बनतो तेव्हा वर्णमाला चारच अक्षरांची राहते, फक्त थायमिनच्या जागी युरॅसिल येतं. ही नक्कल झाली. पुढे मात्र चार अक्षरांतला मजकूर वीस अमिनो आम्लांत, म्हणजे प्रथिनांच्या घटकांत, उतरवायचा असतो. तीन-तीन अक्षरांचा एक कोडॉन, असे एकूण 64. त्यांतले 61 अमिनो आम्लांचे, 3 'इथे थांबा' सांगणारे. 1961 साली निरेनबर्ग आणि माथाई या शास्त्रज्ञांनी निव्वळ युरॅसिलचा आरएनए जिवाणूंच्या अर्कात घातला, तर साखळी निघाली ती निव्वळ फेनिलॲलनिनची. या शब्दकोशातला पहिला शब्द असा उलगडला. पुढे हरगोविंद खोराना यांनी ठरावीक क्रमाचे आरएनए बनवून आणखी बरेच शब्द लावले. 1968 चं नोबेल त्यांना, निरेनबर्गना आणि हॉलींना मिळून मिळालं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते महत्त्वाचा तोच आहे. अमिनो आम्लं रायबोझोमपर्यंत आणतो तो टी-आरएनए, म्हणजे वाहक आरएनए. रायबोझोम कोडॉनशी टी-आरएनएवरचा प्रतिकोडॉन (कोडॉनला जुळणारी तीन अक्षरं) जुळतो का एवढं बघतो. त्या टी-आरएनएच्या दुसऱ्या टोकाला कोणतं अमिनो आम्ल आहे हे तो सहसा तपासत नाही. 1962 साली संशोधकांनी टी-आरएनएला आधीच जोडलेल्या सिस्टीनचं रासायनिक क्रियेने ॲलनिन केलं. रायबोझोमने सिस्टीनच्या जागी बिनदिक्कत ॲलनिन बसवलं! म्हणजे कोणत्या टी-आरएनएला कोणतं अमिनो आम्ल, हा अर्थाचा निर्णय आधीच झालेला असतो, आणि तो घेतात अमिनोॲसिल टी-आरएनए सिंथेटेज ही विकरं. दोन्ही भाषा त्यांनाच येतात. रायबोझोमला 'भाषांतराचं ठिकाण' म्हणा, भाषांतरकार नको.

प्रतिप्रश्न : मग टी-आरएनएला 'वाहक' म्हणणं अपुरं नाही का?

उत्तर : थोडं अपुरं आहे खरं. असा रेणू हाती लागण्याआधीच, 1955 साली, शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिकने त्याची कल्पना मांडली होती ती 'ॲडॅप्टर' म्हणून, म्हणजे एरवी न जुळणाऱ्या दोन टोकांना जोडणारा. तरी 'वाहक आरएनए' रूढ आहे, तोच ठेवा आणि पहिल्या उल्लेखात त्याची ही दुवा जुळवण्याची कामगिरी एका वाक्यात सांगा.

जाता जाता एक : 'स्थानांतरण' ('ट्रान्सलोकेशन') म्हणजे रायबोझोमचं एक कोडॉन, म्हणजे तीन अक्षरं, पुढे सरकणं. घाईत वाचणारा त्याला भाषांतरण समजतो. शिवाय गुणसूत्राचा तुकडा तुटून दुसऱ्या गुणसूत्राला जोडला जातो त्यालाही 'ट्रान्सलोकेशन'च म्हणतात, तेव्हा लेखात तो विषय आला तर 'गुणसूत्र-स्थानांतरण' असं पूर्ण लिहा.